घण पडण्याआधी

घराचं काम काढलं की पहिल्याच सकाळी घण पडतो. संध्याकाळपर्यंत सागवानी चौकट, कडाप्पा, फरशी आणि पीओपी यांचा एकच ढीग होतो आणि आपण त्याला राडारोडा म्हणतो. सकाळी ते सगळं वापरण्याजोगं सामान होतं.

ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही. सामान अख्खं काढायला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे त्याला कोणी देत नाही. म्हणून कोटेशनमध्येच ‘सांभाळून काढणे’ हे वेगळं काम लिहून घ्या आणि त्याचा दर ठरवा. क्रमही ठरवा: आधी नळ, बटणं, पंखे, मग दारं, ग्रिल, ओट्याचा दगड, मग पीओपी, फरशी आणि भिंती सगळ्यात शेवटी.

चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते, बहुधा प्रत्येक बाजूला तीन. पहार घालून उपटली तर लाकूड नेमकं तिथेच फाटतं. होल्डफास्टभोवतीचा गिलावा छिन्नीने फोडा, लोखंडी पट्टी ग्राइंडरने कापा, चौकट अख्खी निघते. तळाचा भाग ओल खाल्लेला असेल तर तेवढा कापून टाका. ठोकल्यावर पोकळ वाजलं तर वाळवी समजा आणि ते लाकूड घरात परत आणू नका. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. पृष्ठभाग ओला ठेवून घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पीओपीच्या गोण्या वेगळ्याच हव्यात, यात तडजोड नको. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातलं सल्फेट ओल मिळाली की सिमेंटशी संयोग पावतं, फुगतं आणि काम तडकतं. तोडलेल्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरायला आयएस ३८३ या मानकाने २०१६ पासून मुभा दिली आहे, पण त्यासाठी माल स्वच्छ लागतो. मुंबईत महापालिकेच्या राडारोडा उचलणाऱ्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेला द्यायच्या गोण्यांतही लाकूड, प्लास्टिक मिसळू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे घरातलाच राडारोडा बाथरूमच्या संकमध्ये, म्हणजे फरशीखालच्या खोलगट भागात, भरणं. गिलाव्याचा भुगा पाणी धरून ठेवतो, लाकडाचे तुकडे कुजतात, भराव बसतो, वरची फरशी हलते आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो. तिथे विटांचे साफ तुकडेच घाला, तेही भिजवून.

फुटलेल्या टाइल्स गच्चीवरच्या चायना मोझॅकला उत्तम. पण बाथरूमच्या भिंतीची ग्लेझ्ड टाइल पाणी पिते, म्हणून ती आधी भिजवायची. व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणी पीतच नाही (शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी), त्यामुळे साध्या सिमेंटला ती धरत नाही. तिला पॉलिमरचं अ‍ॅडहेसिव्ह लागतं. दोन्हींचे तुकडे एकत्र लावले की पावसाळ्यानंतर व्हिट्रिफाइडचे सुटायला लागतात.

नव्या टाइल्सचा एक बॉक्स बॅच नंबरच्या लेबलसकट माळ्यावर ठेवा. दुसऱ्या बॅचची छटा जुळत नाही. उरलेलं सिमेंट मात्र साठवू नका. गुठळी बोटांनी चुरडली तर कुंड्यांच्या कट्ट्याला चालेल, दगडासारखी लागली तर टाकून द्या.