आईनं आज डीपी बदलला

आज पालख्या पुण्यात आल्या. सकाळपासून पाऊस लागून राहिलाय. गुडघ्यांमुळे आईला या वर्षी नाना पेठेत जाता आलं नाही, म्हणून ती टीव्हीसमोर बसून होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिनं 'राम कृष्ण हरी' लिहिलं. त्यावर माझ्या मामेभावाचं उत्तर आलं, 'आत्या, तोंडी राम कृष्ण हरी आणि डीपीवर चर्च? आपले देव कमी पडले का?' खाली चौघांचे हसरे चेहरे आणि दोन अंगठे.

आई काही बोलली नाही. तासाभरानं बघते तर तिच्या डीपीवर कसबा गणपती.

कसबा गणपतीचा फोटो लावला याचं दुःख कशाला असेल? पण पंचाहत्तरीच्या बाईला स्वतःचा आवडता फोटो गुपचूप काढून टाकावासा वाटला, याचा मला भयंकर संताप आलाय. ग्रुपवर लिहिलं तर आईच मला गप्प बसवेल. म्हणून इथे लिहितेय.

तो फोटो इटलीतल्या असिसी गावचा, संत फ्रान्सिसच्या गावचा. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी टूरबरोबर गेलो होतो. रोममध्ये एक दिवस मोकळा होता आणि सगळे खरेदीला निघाले. आई म्हणाली, मला तो पाखरांशी बोलणारा साधू बघायचाय. गेलो मग ट्रेननं, फोलिन्योला गाडी बदलून. उतरलो तेव्हा पाऊस, परत निघालो तेव्हाही पाऊस. सुबासिओ डोंगराच्या उतारावर वसलेलं ते गाव, डोंगरातल्याच फिक्या गुलाबी दगडात बांधलेलं. भिजल्यावर तो दगड असा काही खुलतो! गल्ल्या इतक्या चढाच्या की आई दर वीस पावलांना थांबायची, छत्री मागे कलवून वर बघायची आणि परत चालायला लागायची. हे गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई.

संत फ्रान्सिस म्हणजे कोण, हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. एकानं लिहिलंच, 'तो गोव्याचाच ना?' नाही! गोव्याचा तो फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातला. हा असिसीचा, १२२६ साली गेलेला. ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसवा अशी मागणी राजाला पत्र लिहून झेवियरनं केली होती, आणि तिथे माणसांचे हाल झाले, हे खरं आहे. ते कुणी नाकारू नये. पण त्याचा जाब आईच्या डीपीला विचारायचा?

असिसीतलं फ्रान्सिसचं मोठं चर्च, तिथली बॅसिलिका, दोन मजली आहे, एकावर एक दोन चर्च. वरच्यात भिंतीवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले अठ्ठावीस प्रसंग रंगवलेत, जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं म्हणून ती ओळखली जातात. आई एकासमोर इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं तिला चक्कर आली. बाप कापडाचा मोठा व्यापारी. मुलगा त्याचा माल विकून पैसे वाटतो, म्हणून त्यानं मुलाला बिशपपुढे उभं केलंय. मुलानं अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाला देऊन टाकलेत. चित्रात बाप एका हातावर ते कपडे घेऊन पुढे झेपावतोय, मागून कुणीतरी त्याचा दंड धरलाय. बिशप आपल्या वस्त्रानं मुलाला झाकतोय. आई म्हणाली, "हा तर आपल्या तुकोबांसारखा. त्यांनी नाही का घरातली कर्जखतं इंद्रायणीत सोडली?" मग बराच वेळ त्या बापाकडेच बघत राहिली. म्हणाली, "त्याचंही वाईट वाटतं गं."

याच वरच्या चर्चच्या छताचा काही भाग १९९७ च्या भूकंपात कोसळला, चार माणसं गेली. दोनेक वर्षांत सगळं पुन्हा उभं केलं त्यांनी.

सगळ्यात खाली तळघरात समाधी आहे. ओबडधोबड दगडांचा जाड खांब, लोखंडी गज, त्यामागे दगडी पेटी. शरीर १२३० मध्ये इतकं दडवून ठेवलं होतं की थेट १८१८ मध्ये सापडलं, आपली पेशवाई बुडाली त्या साली. तिथे तेलाचा एक दिवा आहे. त्याचं तेल दरवर्षी ४ ऑक्टोबरला इटलीतला एकेक प्रांत आळीपाळीनं घेऊन येतो. हे सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. "म्हणजे नंदादीपच की!" तिनं हात जोडले. आळंदीला जोडते तसेच. वेगळे हात कुठून आणणार ती?

सांता क्लाराच्या चर्चमध्ये सान दामियानोचा क्रूस पाहिला, ज्याच्यापुढे फ्रान्सिस प्रार्थना करायचा तो, पण तिथे फार रेंगाळलो नाही, गाडीची वेळ होत आली होती.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी आईनं तो फोटो आठ महिने ठेवला होता.

स्टेशन खाली सपाटीवर आहे, आणि त्याच्या जवळच सांता मारिया देल्यी आंजेली हे प्रचंड चर्च. त्याच्या पोटात एक एवढंसं दगडी देऊळ आहे, पोर्त्सिउंकोला. पडकं होतं, फ्रान्सिसनं स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. शेवटही तिथेच, शेजारी काही पावलांवर. आपल्याला मातीवर, उघड्या जमिनीवर ठेवा असं म्हणाला होता. मोठ्या मंडपात जुना गाभारा जपावा तसं ते दिसतं. आईनं गाभाराच समजून दाराबाहेर बूट काढले. बाकी कुणी काढत नव्हतं. मी म्हटलं, आई, इथे चालतं. ती म्हणाली, "त्यांना चालत असेल, मला नाही चालत." मोजे ओले, फरशीवर पावलांचे ठसे उमटवत आत गेली.

मी बाहेर थांबले होते, म्हणून मला दिसलं. सत्तरीच्या पुढची एक ठेंगणी सिस्टर आली. तिनं ते बूट बघितले, आत आईकडे बघितलं. मग वाकून दोन्ही बूट उचलले, तिरपे करून पाणी निथळू दिलं, खिशातून कागदी रुमाल काढून तळ पुसले. आणि कुणाच्या पायात येणार नाहीत असे भिंतीशी जोडीनं लावून ठेवले.

आई बाहेर आली ती बूट शोधत. सिस्टरनं बोटानं दाखवले. आईच्या लक्षात आलं आणि ती तिच्या पाया पडायला वाकली. सिस्टरनं तिचे दोन्ही हात धरून वर उठवलं. एकीला मराठी, दुसरीला इटालियन. कुणीच काही बोललं नाही.

प्लॅटफॉर्मवर आई एवढंच म्हणाली, "माझ्या पायातलं तिनं हातात घेतलं गं." आणि मग तिनं मला एक सांगितलं, जे पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पालखी मुक्कामाला असायची तेव्हा नाना पेठेतल्या घराच्या ओसरीवर वारकरी झोपायचे. सगळे झोपले की आजी अंगणातल्या त्यांच्या ओल्या वहाणा गोळा करायची आणि रात्रभर चुलीपाशी सुकवायची. ओल्या वहाणा घालून कुणाला पुढे पाठवायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ती आजी तुझीही आजी होती रे. तुझ्या वडिलांची आई. आत्यानं हात कुठे जोडले हे तुला दिसलं. तिचे बूट कुणी उचलले ते तू विचारलंसुद्धा नाहीस!

तिकडचे लोक आपल्या देवळात असे हात जोडतात का, असंही कुणी विचारेल. बरेचसे नसतील जोडत. बरं मग? आपण त्यांच्याकडे बघून हात जोडायला कधी शिकलो? त्याच नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या चर्चला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ मध्ये. त्यांचे देव कमी पडले होते का? तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला उतरते तीही त्याच पेठेत. आईचं सगळं लहानपण या दोन घंटांच्या मध्ये गेलं. तिला कधी कुठली घंटा परकी वाटली नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तुला दुष्ट म्हणत नाही मी. लहानपणी तुला कडेवर घेऊन पालखी दाखवली ती याच आत्यानं, आणि तू तिच्या खांद्यावर झोपून जायचास. तुझ्या तोंडी हे शब्द कुठून आले, एवढंच मला कळत नाही. ज्यांनी अंगठे दाखवले त्यांच्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

फ्रान्सिसच्या स्तोत्रात सूर्य भाऊ आहे आणि पाणी बहीण. परतीच्या ट्रेनमध्ये हे आईला सांगितलं, तर तिनं खिडकीवरून ओघळणाऱ्या पाण्याला बोट लावलं आणि म्हणाली, "मग आज दिवसभर बहिणीनंच सोबत केली."

ते बूट अजून आमच्या गॅलरीत आहेत. टाच झिजलीय, पण ती टाकू देत नाही.

आत्ता स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "बाजारात अळू छान आलंय. त्याला अळूवड्या आवडतात, रविवारी बोलावू का त्याला?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.