बारा डबे आणि एक बोगदा

मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकला की मनालीसाठी माळ्यावरून स्वेटर काढायचा मुहूर्त आला असं समजावं. मुलांना ते घालून बघायची वेळ दुपारी दोनची. पंखा बंद ठेवावा, नाहीतर डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर होतो. तीन वर्षांपूर्वीचा स्वेटर थोरल्याच्या कोपरापाशी संपतो, पण त्याआधी डोकं गळ्यात अडकतं आणि लोकरीच्या आतून "आई, मी मेलो" असं ऐकू येतं. "तिथे थंडी वाजली की कळेल" एवढंच म्हणून खाली ओढावं. मग नवा आणावा, दोन मापं मोठा, म्हणजे पुढच्या वर्षीही होईल. (पुढच्या वर्षी आपण केरळला जातो.)

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २०५० मीटर उंच. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पुणंच साडेपाचशे मीटरवर, म्हणजे चढ दीड हजाराचा. ४० मधून १० गेले, उरले ३०. म्हणजे पुण्यातली डिसेंबरातली दुपार. हा हिशेब घरात कुणालाही करू देऊ नये, माकडटोप्या आधीच आणून झालेल्या असतात.

खाण्याचं खातं सासूबाईंकडे सोपवावं. तिकडे काही मिळत नाही, यावर त्या ठाम असतात. मनालीतल्या मॉल रोडवर वडापावची पाटी दिसते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन प्रकारचा चिवडा, असे बारा डबे तयार होतात. प्रत्येक डब्याच्या बुडावर त्यांचं नाव कोरलेलं असतं आणि निरोपाचं वाक्य दरवर्षी तेच असतं : "जपून जा, आणि डबे परत आणा."

मऊभातासाठी विजेचं छोटं पातेलंही घ्यावं. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात शिजायला वेळ घेतो आणि तोवर धाकटी चिप्स खाऊन झोपते. चिप्सची पुडकी मात्र उंचीवर उशीसारखी फुगतात. आमच्या मुलांना अख्ख्या हिमालयात तेवढंच आवडलं.

वजनाकडे लक्ष असू द्यावं. विमानात साधारणपणे माणशी १५ किलो. दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं, तेव्हा त्याच्या नावावरचे १५ किलो सोडायचे नाहीत, त्यात अहोंचे बूट बसतात. अहोंनी स्वतः बॅग कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहावं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करावं. ते वजन लग्नाच्या वेळचं धरतात, म्हणून बॅग नेहमी जड भरते. एरवी पॅकिंगमध्ये त्यांचा वाटा एकच, चार्जर. तो घरी राहतो.

एवढ्या तयारीत वार बघायला कुणाला सुचतं? मनालीजवळची रोहतांग खिंड मंगळवारी पर्यटकांना बंद असते आणि एरवीही गाडीला परवाना लागतो. आम्ही अर्थातच मंगळवार गाठला. मग ड्रायव्हरभैया म्हणाले, खिंडीखालच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावाला नेतो. वाटेत त्यांच्या ओळखीच्या दुकानात बर्फाचे कपडे भाड्याने घ्यावेत. ते दमट असतात आणि आधीच्या बाळाची अर्धी बिस्किटं खिशात निघतात. बर्फ असेल की नाही हे विचारू नये, दुकानदाराला वाईट वाटतं. आपले नऊ स्वेटर हॉटेलात सुखरूप असतात.

आता महत्त्वाचं. धाकटीचं भांडं विसरू नका. आम्ही विसरलो नव्हतो. गाडीच्या टपावर, ताडपत्रीखाली, मोठ्या बॅगेच्या तळाशी ते व्यवस्थित बांधून ठेवलं होतं. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि आत गाडी थांबवता येत नाही. बोगद्याच्या तोंडाशी मी तिला विचारलं, "शू आहे?" ती म्हणाली, "नाही." सव्वा मिनिटाने म्हणाली, "आहे."

ड्रायव्हरभैयांनी आरशातून सीट कव्हरकडे पाहिलं. अहोंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाशी पाहिलं, तिथे पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा होता. चिवडा अहोंच्या माकडटोपीत ओतला. डब्याला घट्ट झाकण होतं, सासूबाईंची निवड कधी चुकत नाही.

परत आल्यावर तो डबा तीनदा घासा, दोन दिवस उन्हात ठेवा, आणि मुख्य म्हणजे वेगळा ठेवा. आम्ही नेमकं तेच केलं नाही. सासूबाईंनी डबे मोजले, बारा भरले, फार खूश झाल्या. काल त्यांनी शंकरपाळे केले. डबा समोर ठेवून म्हणाल्या, "घ्या की, कुणीच कसं खात नाही?"

अहो म्हणाले, "आधी धाकटीला द्या."