पूर्व भागाचं मत कुणाच्या खिशात नाही

"सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू लोक एकगठ्ठा मतदान करतात. समाजाचा पुढारी सांगेल तेच बटण दाबतात. विडीवाल्या बायका तर पाचशे रुपयांत मत विकतात. बाहेरून आलेल्यांनी आपलं भवितव्य ठरवायचं का? ज्या बूथवर मतं पडली नाहीत तिथली कामं बंद करा."

हा मेसेज सध्या शहरभर फिरतोय. परवा तो माझ्या आत्याच्या मोबाइलवर आला. पाठवणारा आमच्याच नात्यातला, आता जुळे सोलापूर या उपनगरात राहायला गेलेला. आत्यानं उभं आयुष्य विड्या वळल्या. "हे आपल्याबद्दलच आहे ना?" एवढंच तिनं विचारलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

पाचशे रुपयांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात घाणेरडा आहे. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायचं. मजुरी दर हजार विड्यांवर. पानं कमी भरली तर पदरचे पैसे घालून विकत आणायची. दुसऱ्या दिवशी चेकर त्यातल्या मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत. मतदानाच्या रांगेत दोन तास गेले तर तेवढ्या वेळच्या विड्या बुडाल्या, तरी या बायका रांगेत उभ्या असतात. मजुरीवाढीसाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेणाऱ्या याच बायका. त्यांना मताची किंमत कळत नाही, हे कोण सांगतंय?

निवडणुकीत पैसे वाटले जात नाहीत, असं मी म्हणणार नाही. वाटले जातात. गल्लीत येतात तसे बंगल्यांच्या कॉलनीतही येतात, फक्त तिथं त्यांना वेगळी नावं असतात. पण पाकीट घेणाऱ्यानं कुठलं बटण दाबलं हे मशीन कुणालाही दाखवत नाही. मग विकलेलं मत या मेसेजवाल्यांनी पाहिलं कुठं? आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लाच देणं हाही भ्रष्टाचारच आहे. देणाऱ्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

आता एकगठ्ठा. निवडणूक आयोगाचे जुने निकाल काढून बघा, या दाव्यात काही उरत नाही. 1980 आणि 1984 ला गंगाधर कुचन खासदार झाले, 1989 आणि 1991 ला धर्मण्णा सादूल. दोघेही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, आणि दोघेही काँग्रेसचे. 1996 ला लिंगराज वल्याळ जिंकले, तेही पद्मशाली, पण भाजपचे. नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले ते माकपच्या लाल बावट्यावर. एकाच समाजातून हात, कमळ आणि विळा-हातोडा असे तिन्ही निवडून गेले. समाज कुणाच्या दावणीला बांधलेला असता तर हे घडलं असतं का?

पुढचं बघा. आडम मास्तरांच्या पुढाकारानं शहराजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालं. तरी 2009 ला आडम मास्तर शहर मध्य या विधानसभा मतदारसंघातून हरले. ती घरं शहर मध्यच्या हद्दीबाहेर आहेत, हे मान्य. मग लोकसभेचंच घेऊ. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींनी कुंभारीच्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण केलं. त्याच जूनमध्ये भाजपचे राम सातपुते 74,197 मतांनी हरले आणि प्रणिती शिंदे खासदार झाल्या. नोव्हेंबरात याच लोकसभा मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा जागा भाजपनं जिंकल्या, शहर मध्यसुद्धा. पाच महिन्यांत हजारो लोकांनी मत बदललं. मतदार यादीत जातीचा रकाना नसतो, त्यामुळे त्यातले तेलुगू किती आणि लिंगायत किती, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक गोष्ट कबूल करावी लागते. निवडणूक आली की समाजाच्या बैठका होतात, पुढारी स्टेजवर चढून "समाज आपल्या पाठीशी आहे" असं सांगतात आणि पक्षही तिकीट देताना जात मोजतात. हे मलाही पटत नाही. पण सोलापुरात असं न करणारा एक समाज दाखवा. आणि पुढाऱ्यानं स्टेजवर शब्द दिला म्हणजे अशोक चौकातल्या बाईनं मत दिलं, असं होत नाही.

'बाहेरचे' या शब्दावर जास्त वेळ घालवणार नाही. सोलापुरी चादर म्हणून जे जगभर मिरवता, ती याच लोकांच्या मागावर विणली गेली. आमच्या पिढ्या इथं गेल्या, मुलं इथं मराठी शिकली.

शेवटची ओळ मात्र नुसती बडबड म्हणून सोडता येत नाही. कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली, हे निवडणूक आयोगाच्या नमुना 20 या निकालपत्रकात जाहीर होतं. त्यामुळे गल्ली ओळखून सूड घेणं शक्य आहे, आणि जिथं वर्षानुवर्षं रोज पाणी येत नाही तिथं "कामं बंद करा" याचा अर्थ प्रत्येक घराला कळतो. अनेक बूथची मतं एकत्र मोजणारी टोटलायझर यंत्रणा आणावी, अशी शिफारस विधी आयोगानं 2015 मध्ये 255 व्या अहवालात केली होती, ती याच भीतीपोटी. ती अजून आलेली नाही. पूर्व भागात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आता हेच विचारलं पाहिजे, की तुमचा पक्ष ती आणायला तयार आहे का?