‘लोकांना विचारत बसू नका, बनवून टाका’ म्हणे!

सोलापुरातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. तिसरे होते अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार. खाली त्यांची ओळ: ‘आता तुमचं दुकान बंद करा!’ माझं दुकान म्हणजे युजर रिसर्च. एखादं ॲप किंवा यंत्र जो वापरणार, त्याचं काम आधी नीट बघायचं आणि मग ते कसं असावं हे बनवणाऱ्याला सांगायचं.

मेसेजात पाच गोष्टी आहेत. हेन्री फोर्ड म्हणाला होता, ‘लोकांना विचारलं असतं तर त्यांनी वेगवान घोडा मागितला असता’, म्हणून विचारू नका. स्टीव्ह जॉब्सनं कधी रिसर्च केला नाही. करायचाच तर पाच माणसं पुरे. नाहीतर गूगल फॉर्म पाठवा, शंभर उत्तरं आली की झालं. आणि आता तर एआयलाच ग्राहक बनवून प्रश्न विचारता येतात, बाकी सगळे मोठ्या कंपन्यांचे चोचले.

आधी घोडा. हे वाक्य फोर्डच्या लेखनात किंवा भाषणांत कुठंही सापडलेलं नाही. तो १९४७ साली वारला, आणि हे वाक्य त्याच्या नावावर खपू लागलं ते त्यानंतर कित्येक दशकांनी. समजा म्हणालाही असेल, तरी ‘वेगवान घोडा’ हे उत्तर काही वाईट नाही. माणूस सांगतोय की मला लवकर पोचायचंय. पुढचा प्रश्न विचारायचा: कुठं जायचं असतं, मागच्या वेळी उशीर झाला तेव्हा काय केलंत? तिथं गप्प बसलात तर चूक विचारणाऱ्याची.

शिवाय फोर्डचीच पुढची गोष्ट या मेसेजात नसते. त्याची मॉडेल टी १९०८ ला आली आणि दीड कोटींवर खपली. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळायची. तेवढ्यात जनरल मोटर्सनं रंग दिले, बंद टपाच्या गाड्या दिल्या, हप्त्यानं पैसे भरायची सोय दिली. गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि १९२७ ला फोर्डला मॉडेल टी बंद करून नव्या गाडीसाठी कारखाने कित्येक महिने थांबवावे लागले. लोकांचं न ऐकण्याचा दाखला म्हणून ज्याचं नाव देता, त्यालाच ते महागात पडलं.

पण या मेसेजाचं खरं दुखणं वेगळं आहे. रिसर्च म्हणजे ‘तुम्हाला काय पाहिजे?’ असं विचारणं, हे त्यात गृहीतच धरलंय. तसं असतं तर मीही दुकान बंद केलं असतं.

मागे एका कारखान्यात मला बोलावलं होतं. तिथं कुणीतरी एक ॲप करून दिलेलं. विणकरानं पाळी संपताना आपल्या मागावर किती टॉवेल निघाले ते मोबाईलवर भरायचं, आठवड्याचा पगार आपोआप निघणार. दिसायला देखणं, पण भरायचं कुणी नाही. मालकांचं म्हणणं, ‘ह्यांना शिकायचंच नाही.’

पहिल्या दिवशी मी चूक केली. ऑफिसात खुर्ची टाकून एकेकाला बोलावलं, शेजारी मालक बसलेले. प्रत्येकाचं एकच उत्तर: ‘चांगलंय की साहेब.’ मी वहीत चार पानं भरली आणि घरी येऊन वाचली, तर त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्यांदा रात्रपाळीला गेलो आणि पाळी बदलेपर्यंत एका मागाजवळ उभा राहिलो. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, म्हणजे ‘बोलून भरा’ ही सोय तिथंच बाद. सुताची तूस सगळीकडं. मोबाईल खिशातून काढला की दोन मिनिटांत काचेवर थर. आणि त्या मागाच्या लोखंडी पट्टीवर खडूच्या रेघा होत्या. टॉवेल झाला की एक उभी रेघ, पाचव्याला आडवी. मोजणी मनातल्या मनात तेलुगूत चाललेली. पट्टीच्या टोकाला एक छोटा गोल होता. तो कशाचा, असं त्या मागावरच्या विणकर अण्णांना विचारलं तर आधी हसले. पाळी बदलताना मागावर टॉवेल अर्धा विणलेला असतो. तो कुणाच्या खात्यात धरायचा यावरून पूर्वी रोज भांडणं व्हायची. मग जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघा विणकरांनी आपसात ठरवलं: अर्ध्याच्या पुढं गेला असेल तर जाणाऱ्यानं गोल काढायचा, तो टॉवेल त्याचा.

ॲपमध्ये अर्ध्या टॉवेलला जागाच नव्हती. ते भरलं की कुणाचातरी एक टॉवेल जाणार आणि पैसे नगावर, म्हणून कुणी भरत नव्हतं. हे ऑफिसातल्या खुर्चीत कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. रोज आपण कुठल्या हातानं दार उघडतो ते कोण सांगत बसतं?

या पद्धतीला कॉन्टेक्स्चुअल इन्क्वायरी म्हणतात. ह्यू बेयर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी नव्वदच्या दशकात ती नीट मांडली. गाभा साधा आहे: काम करणारा उस्ताद, आपण शिकाऊ उमेदवार. त्याच्या जागी जायचं, त्याचं काम चालू असताना बघायचं, आणि न कळलेलं तिथल्या तिथं विचारायचं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पोरं माग शिकली ती अशीच. शेवटी तिथं ॲप विणकरांच्या हातातून काढलं. खडू तसाच ठेवला. पाळी बदलताना मुकादम फेरी मारतो, रेघा आणि गोल बघून मागाच्या नंबराप्रमाणे एकदाच भरतो.

जॉब्सचं थोडक्यात. ‘दाखवल्याशिवाय लोकांना काय हवंय ते कळत नाही’ असं तो १९९८ साली एका मुलाखतीत म्हणाला होता, हे खरं. पण २०१२ च्या ॲपल-सॅमसंग खटल्यात ॲपल आयफोन घेणाऱ्यांची नियमित पाहणी करते हे कोर्टापुढं आलं. आणि त्याच्या खूप आधी, १९८३ ला बाजारात आलेल्या लिसा संगणकाच्या वेळी ॲपलमधली माणसं लोकांना समोर बसवून चाचण्या घेत होती. तिथं बटनावर ‘डू इट’ (Do It) लिहिलेलं होतं, ते काहींनी ‘डोल्ट’ (Dolt) वाचलं, म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणतंय म्हणून एक गृहस्थ चिडले. मग तिथं ‘ओके’ आलं.

‘पाच माणसं पुरे’ यात अर्धं सत्य आहे. ते याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकानं २००० साली लोकप्रिय केलं. हिशेब असा: ॲप वापरून बघणारा एक माणूस त्यातल्या सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसतात. पण निल्सनचं पुढचं वाक्य फॉरवर्डमध्ये गळतं. पाच जणांवर तपासा, दुरुस्त करा, पुन्हा नवे पाच घ्या. आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं वेगळी घ्या. सोलापुरात एका कारखान्यात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारे एकाच छपराखाली असतात. त्यातले पाच मराठी पदवीधर निवडले तर काय कळणार? शिवाय दहातल्या एकालाच नडणारी अडचण पाच जणांत दिसायची शक्यता जेमतेम ४१ टक्के. आणि पाचांपैकी चौघांना आवडलं म्हणून ‘८० टक्के ग्राहक खूश’ असं छापू नये. पाच माणसं चुका शोधायला, मोजमापाला नव्हेत.

फॉर्मबद्दल एक ओळखीतली गोष्ट. एका मित्रानं शेंगाचटणीचं सीलबंद पाकीट ऑनलाइन विकायचं ठरवलं. फॉर्म फिरवला, ‘घ्याल का?’ शंभरावर लोक ‘हो’ म्हणाले. ओळखीच्याला ‘नाही’ कोण म्हणतं? पहिल्या महिन्यात ऑर्डरी आल्या अकरा, त्यातल्या चार नातेवाइकांच्या. नंतर तो नवी पेठेतल्या एका दुकानापाशी उभा राहिला तेव्हा दिसलं: गिऱ्हाईक तळहातावर चिमूटभर घेऊन चाखतं, तिखट किती ते बघतं आणि मग पाव किलो बांधून मागतं. पाकिटाला चव बघता येत नव्हती. मग त्यानं पाच रुपयांची पुडी काढली. आकडा मोठा असला म्हणूनही भागत नाही. १९८५ साली कोका-कोलानं नवी चव आणण्याआधी सुमारे २ लाख लोकांना ती चाखवली होती. चव आवडली, पण जुनी काढून घेतली तर कसं वाटेल हे नीट तपासलं नाही, आणि तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणावी लागली.

एआयबद्दल इतकंच, की त्याला लिहिलेलं ठाऊक असतं. तो खडूचा गोल कुठंच लिहिलेला नव्हता.

राहिला खर्च. त्या कारखान्यात मला लागला एक दिवस, एक रात्र, रिक्षाभाडं आणि चहा. एक खर्च मात्र लोक विसरतात. नगावर काम करणाऱ्याला पाच मिनिटं बोलायला थांबवलं तर त्याचा टॉवेल बुडतो. तो पैसा त्याला आधी द्यायचा आणि फोटोची परवानगीही त्याचीच घ्यायची, मालकाची घेऊन भागत नाही.

त्या टॉवेलवाल्यांना मी उत्तर पाठवलंय: ‘गुरुवारी रात्रपाळीला येतो. तुम्ही मात्र घरीच थांबा.’