बांगलादेशचा कांदा कोणी रोखला?

लासलगाव-पिंपळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय : शेख हसीना यांची सत्ता गेली, तेव्हा भारताने कांदा बंद करून ढाक्याला धडा शिकवला, बांगलादेश रडकुंडीला आला आणि आपला भाव पडला तो या देशकार्यापायी. ऐकायला बरं वाटतं, पण तारखा जुळत नाहीत.

‘भारताने कांदा बंद केला.’ हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडून निघाल्या. कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ही व्यवस्था त्याआधीची, ४ मेपासूनची. किमान मूल्यावर हिशेब केला तरी शुल्क टनाला २२० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला अठरा रुपये. सत्तांतरानंतर सव्वा महिन्यात, १३ सप्टेंबरला, केंद्राने किमान मूल्य काढून टाकलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. याचं कारण ढाक्यात शोधू नका, दिंडोरीत शोधा : लोकसभेला कांदापट्ट्याने दिलेला दणका ताजा होता आणि विधानसभा तोंडावर आली होती.

खऱ्या बंद्या लागल्या त्या हसीना सत्तेत असताना : २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३. पहिल्या बंदीनंतर त्यांनी दिल्लीतच हसत सांगितलं होतं, की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हटलंय. दोस्ती घट्ट असूनही बंदी आली, कारण शहरातला किरकोळ भाव चढला होता.

‘भारताने ढाक्याला वठणीवर आणलं.’ पावलं उचलली हे खरं, पण ती त्यांच्या मालावर. एप्रिल २०२५ मध्ये भारतातून तिसऱ्या देशात माल नेण्याची त्यांची सवलत काढली. मे महिन्यात तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद करून न्हावा-शेवा आणि कोलकाता एवढीच बंदरं ठेवली. जूनमध्ये तागाच्या मालालाही अशीच अट लागली. व्हिसा तर आधीच आखडले होते. या यादीत कांदा कुठेच नाही.

‘बांगलादेश रडकुंडीला आला.’ इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. बांगलादेशातल्या पाबना, फरीदपूर, राजबाडी भागातला मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, आपला उन्हाळ कांदा चाळीत पडतो तेव्हाच. तिथल्या शेतकऱ्याचा भाव टिकावा म्हणून त्यांचं कृषी खातं आयात परवाने, व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘आयपी’, रोखून धरतं. २०२५ मध्ये कित्येक महिने हेच चाललं. ७ डिसेंबरला दार किलकिलं झालं तेही दिवसाला ५० परवाने, प्रत्येकी कमाल ३० टन, म्हणजे फार तर १५०० टन. सर्वात मोठं गिऱ्हाईक असं हात आखडून घेणार, तर भावाला झळ बसणारच. संदेशातलं तेवढंच खरं.

आयपी नसेल तर तिकडची बँक एलसी, म्हणजे पैसे देण्याची हमी देणारं पत्र, उघडत नाही. तोंडी शब्दावर भरलेला ट्रक पश्चिम बंगालमधल्या महदीपूर किंवा घोजाडांगा या सीमेवरच्या नाक्यांवर उभा राहतो. ताडपत्रीखाली गोण्यांना घाम सुटतो, कांद्याला कोंब येतात, आणि माल बंगालमध्येच पडेल भावाने काढावा लागतो. गाडी भरण्याआधी आयपीची प्रत मागवा. त्यावर मुदत आणि शिल्लक टनभार बघा. नाशिकहून सीमेपर्यंत चार-पाच दिवस लागतात, आणि नाक्यावरच्या रांगेचे दिवस वेगळे धरावे लागतात.