बाळाची ६४ वस्तूंची यादी, आणि त्यात राहून गेलेली आई

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला आणि तिने मला फोनवर फिरणारी एक यादी पाठवली. ‘बाळ घरी येण्याआधी या ६४ वस्तू घरात हव्यातच.’ खाली तिचा एकच प्रश्न होता: ‘ताई, यातलं काय नाही घेतलं तर चालेल?’ आणि लगेच दुसरी ओळ, ‘की मी कंजूषपणा करतेय?’

ती यादी थोड्याफार फरकाने तुमच्याकडेही आली असेल. तिचं म्हणणं असं: सगळं आधीच आणून ठेवा, बाळाच्या झोपेसाठी पूर्ण संच घ्या, श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र घ्या, जुनं काही वापरू नका, दूध काढायचा पंप, बाटल्या, निर्जंतुक करायचं यंत्र तयार ठेवा. आईच्या वाट्याला शेवटची ओळ आहे, त्यात गाऊन आणि पोटाचा पट्टा. वर ठळक अक्षरांत लिहिलंय की इथे काटकसर म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. हे वाक्य वाचून मी हे लिहायला बसले. ज्यांच्या हातात पैसा कमी आहे त्यांना ते सगळ्यात जास्त घाबरवतं, आणि ते खोटं आहे.

‘सगळं आधीच आणून ठेवा.’

पहिल्या महिन्यातलं बाळ दूध पितं, झोपतं आणि लंगोट भिजवतं. जन्मानंतर काही दिवस त्याचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं आणि मग रोज २० ते ३० ग्रॅमने वाढतं. म्हणजे महिन्याला साधारण ६०० ते ९०० ग्रॅम. तीन किलोच्या जिवाला हा वेग फार मोठा आहे. सगळ्यात लहान मापाचे वीस कपडे घेतलेत तर निम्मे घडी न मोडता लहान होतील. हिशेब कपडे धुण्यावरून करा. दुधाची गुळणी आणि गळलेला लंगोट धरून दिवसाला तीन-चार वेळा कपडे बदलावे लागतात. रोज धुणं होत असेल तर सात-आठ जोड पुरतात, एकाआड एक दिवस होत असेल तर बारा-चौदा.

डायपरचंही तसंच. नवजात बाळाला दिवसाला आठ ते बारा लागतात, म्हणून लोक आधीच मोठा साठा करतात. पण कोणता डायपर मांडीला काचतो, कोणता गळतो, कशाने पुरळ येतं, हे बाळ आल्याशिवाय कळत नाही. एकच पाकीट आणा. कापडी लंगोट वापरणार असाल तर रोजच्या धुण्यावर वीस-चोवीस पुरे. आंघोळीचा टबही पहिल्या दिवशी लागत नाही. पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, ओल्या मऊ फडक्याने पुसून काढलं तरी बाळ स्वच्छ राहतं.

‘झोपेसाठी पूर्ण संच हवा.’

इथे मला थांबून बोलायचंय, कारण यादीतला हा भाग नुसता खर्चिक नाही, धोक्याचा आहे. खाटेच्या कडेने बांधायचे गुबगुबीत बंपर, डोक्याला आकार देणारी उशी, दोन्ही बाजूंचे छोटे लोड, जाड रजई, तिरकं झोपवणारा झोका, मऊ खेळणी. यातली एकही वस्तू झोपलेल्या बाळाजवळ नको.

कारण बाळाच्या शरीरातच आहे. डोकं जड आणि मान अशक्त. तोंड उशीत किंवा बंपरमध्ये रुतलं तर ते वळवून मोकळं करण्याची ताकद त्याच्यात नसते, आणि मऊ कापडात अडकलेली आपलीच सोडलेली हवा ते पुन्हा आत घेत राहतं. तिरकं झोपवलं की हनुवटी छातीवर येते आणि इवलीशी श्वासनलिका दबते. बाळ रडतही नाही, म्हणून शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत तिरके झोपवणारे ४७ लाख झोके मृत्यूंच्या नोंदींनंतर बाजारातून परत घ्यावे लागले. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला: बाळाला झोपवण्यासाठी म्हणून विकली जाणारी, १० अंशांपेक्षा जास्त तिरकी साधनं बंद आणि खाटेचे गुबगुबीत बंपरही बंद. ज्या वस्तूंची विक्री एका देशाने कायद्याने थांबवली, त्या यादीत ‘आवश्यक’ म्हणून आल्यात.

हवं काय? कडक, सपाट गादी, तिच्यावर घट्ट बसणारी एक चादर, आणि बाळ उताणं. बस. गादीवर तळहात दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर गादी मऊ आहे. गादी आणि खाटेच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. बाळाची ही जागा पहिले सहा महिने तरी आईवडिलांच्याच खोलीत, पण त्यांच्या अंथरुणापासून वेगळी असावी. म्हणजे बाळासाठी वेगळी खोली सजवण्याचा खर्चही गेला. अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला उताणं झोपवा’ अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागलं नाही.

‘श्वास मोजणारा पायमोजा किंवा पट्टी घ्या, निर्धास्त झोपा.’

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की घरगुती वापराची अशी यंत्रं अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून वापरू नयेत. ती खोटे इशारे देतात, मध्यरात्री दवाखान्यात पळवतात. त्याहून वाईट म्हणजे यंत्र लावलंय म्हणून मऊ गादी चालेल असं वाटायला लागतं. डॉक्टरांनी एखाद्या विशिष्ट बाळासाठी यंत्र सांगितलं असेल तर ती गोष्ट वेगळी.

महाग ते सुरक्षित, हा समज मोडणारी एक गोष्ट मला फार आवडते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात इन्क्युबेटर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या, अपुरे होते, एकेकात एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत. त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेल्या या उपायाला आपण ‘कांगारू मदर केअर’ म्हणतो. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं.

‘जुनं काही वापरू नका.’

हे अर्धं खरं आहे, आणि कोणतं अर्धं ते कळणं महत्त्वाचं. कपडे, दुपटी, टब, पुस्तकं, खुळखुळे हे सगळं मागून आणा. गरम पाण्यात धुवा, सैल बटणं आणि लोंबणाऱ्या नाड्या काढून टाका. मऊ झालेलं जुनं सुती कापड नव्यापेक्षा बाळाला बरंच वाटतं.

पण गाडीतल्या बाळाच्या आसनाच्या, म्हणजे कार सीटच्या, बाबतीत मी यादीच्या बाजूने आहे. अपघातातून गेलेलं आसन वरून धड दिसलं तरी आतून तडकलेलं असू शकतं, आणि त्याला वापराची मुदतही असते, ती बहुधा तळाशी छापलेली असते. ज्याचा सगळा इतिहास तुम्हाला माहीत आहे अशा जवळच्या माणसाकडून मिळालं तरच जुनं घ्या. तुमच्याकडे गाडी असेल आणि एकाच वस्तूवर पैसे घालण्याची ऐपत असेल तर ते इथे घाला, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील असंच ते बसवा. जुन्या खाटेची एक बाजू खाली सरकत असेल तर ती नको. अशा खाटा अमेरिकेत २०११ पासून बंद आहेत. दुसरीने वापरलेला एकटीच्या वापराचा ब्रेस्ट पंपही घेऊ नका, त्याच्या आतल्या भागात दूध आणि ओल शिरते आणि ते भाग उकळता येत नाहीत.

‘पंप, बाटल्या, निर्जंतुक करायचं यंत्र, दूध कोमट करायचं यंत्र.’

अंगावर पाजणं सुरळीत सुरू झालं तर यातलं काहीच लागत नाही. नाही झालं तर कोणतं लागेल हे चौथ्या-पाचव्या दिवशी कळतं. दूध हाताने काढता येतं. सुटी मिळण्याआधी परिचारिकेकडून ते शिकून घ्या. पंप रोजच लागणार असं दिसलं तर अनेकींच्या वापरासाठी बनवलेला भाड्याने मिळतो का ते विचारा. बाटल्या झाकणाच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळल्या की झालं, आणि दूध कोमट करायला गरम पाण्याचा वाडगा पुरतो.

पावडरच्या दुधावर बाळ वाढवावं लागलं तर त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. पण तिथे दोन गोष्टींत काटकसर नको. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती निदान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळा आणि मग निववून पाजा. आणि डबा पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका. पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. पैसे कमी पडत असतील तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. त्यात लाज नाही.

अंगाला लावायची पावडर, पायांचे बूट आणि वॉकर यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ती पावडर फुप्फुसात जाते, न चालणाऱ्या पायांना बूट लागत नाहीत, आणि बाळांना जिन्यावरून खाली नेणाऱ्या वॉकरवर कॅनडाने २००४ मध्येच बंदी घातली.

‘आईसाठी गाऊन आणि पट्टा.’

माझं पहिलं बाळंतपण आठवतं. घरी आल्यावर चौथी रात्र, अडीच वाजलेले. टाके ओढत होते, मी न्हाणीघरात भिंतीला धरून उभी, आणि पॅडचं शेवटचं पाकीट संपलेलं. कपाटात बाळाचे पायमोजे अकरा जोड होते, एकसारखे लावून ठेवलेले. मी बाळाच्या एका दुपट्याची घडी घालून तेच वापरलं आणि कमोडवर बसून रडले. त्या वर्षी आम्ही पैसे जपून वापरले होते. फक्त माझ्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं, आणि आणायला हवं हे मलाही सुचलं नव्हतं.

बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे रक्तस्राव होतो, सिझेरियन झालं तरी होतो. त्यासाठी लांब, जाड पॅडची दोन-तीन पाकिटं आधी घरात हवीत. आत घालायचा टॅम्पॉन चालत नाही. एक-दोन मापं मोठ्या, कमरेच्या वर जाणाऱ्या सुती चड्ड्या घ्या, म्हणजे सिझेरियनच्या टाक्यांवर इलास्टिक येत नाही. पिळून धार सोडता येईल अशी साधी बाटली हवी. लघवीला बसताना कोमट पाणी सोडत राहिलं की आग कमी होते. सुजेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ आणि कोमट पाण्यात बसून शेकायला एक स्वच्छ पसरट टब. पहिल्या शौचाची भीती किती असते हे कुणी बोलत नाही. मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हे सगळं मिळून त्या तिरक्या झोक्याहून स्वस्त पडतं. पट्ट्याने आधार वाटत असेल तर जरूर बांधावा, पण त्याने पोट आत जात नाही.

एक डिजिटल थर्मामीटर दोघांसाठी पुरतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरेनहाइट) ताप म्हणजे सकाळची वाट न पाहता दवाखाना. आईलाही तेवढा ताप आला तर डॉक्टरांना कळवायचं. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल तर तो मोजायचं यंत्र घरी ठेवा, नाहीतर कुणाचं तरी मागून आणा; हा त्रास प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, अंड्याहून मोठी गाठ पडणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, धाप, एकाच पायाला सूज आणि दुखणं: यातलं काहीही झालं तर लगेच जायचं. प्रवासाचे पैसे यासाठी बाजूला काढून ठेवा. ते ६४ वस्तूंत नाहीत.

मनाचंही. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं नेहमीचं आहे. त्यापुढे टिकलं तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. त्यावर उपचार आहेत. घरी आल्यावरही निदान तीन तपासण्या व्हाव्यात असं हीच संघटना म्हणते: दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. बाळाला घेऊन जाल तेव्हा स्वतःलाही तपासून घ्या.

फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना बाळाच्या सामानाचं खोकं देतं. त्यात कपडे आहेत, अंथरूण आहे, नखं कापायची कात्री आहे, आणि दुधाने कपडे भिजू नयेत म्हणून आईच्या छातीला लावायचे पॅडही आहेत.

बहिणीला मी यादी परत पाठवली. खाट ठेवली, गाडीतलं आसन ठेवलं, कपडे आठ केले, बाकी बहुतेक खोडलं. आईच्या भागात अकरा ओळी वाढवल्या. तिने विचारलं, ‘लोक विचारतात काय आणू, त्यांना काय सांगू?’ मी लिहिलं: कपडे नको म्हण. पुढच्या मापाचे डायपर सांग. जवळच्या दोघींना सांग की दुपारी दोन तास ये आणि बाळ धर, मला झोपायचंय. आणि मी पॅड घेऊन येतेय.