वीस टक्क्यांची प्रतिष्ठा मला सांगू नका

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटला आहे आणि त्यात माझं नाव ओढलं गेलंय. परळच्या एका हॉटेलात वर्गातली चार मुलं जेवायला गेली. मुलं म्हणजे आता पन्नाशीला टेकलेली. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. एकाने हुज्जत घालून तो काढायला लावला, आणि त्याचं बरोबरच होतं. हा चार्ज ग्राहकावर सक्तीने लावता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी सांगितलंय. हॉटेलवाल्यांच्या संघटनांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाखाचा दंडही केला. चार्ज गेला, तसा वेटरला किती ठेवायचे यावर दोन तट पडले. एक म्हणाला, पगार मिळतो ना त्याला? दुसऱ्याने लिहिलं, ‘अमेरिकेत बघा. साधा वेटर, पण वीस टक्के देतात. तिथे श्रमाला प्रतिष्ठा आहे. हवं तर हिला विचारा.’

विचारलंच आहे तर सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. इथे २०२५ साली किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. पण ज्याला टिप मिळते त्या कामगाराला मालकाने रोख ५.६२ डॉलर दिले तरी कायद्याला चालत होतं. बाकीचे टिपमधून येतील असं धरायचं, आणि नाहीच आले तर फरक मालकाने भरायचा. केंद्राच्या कायद्यात तर हा रोख आकडा २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून तो एका सेंटनेही वाढलेला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं हे मानत नाहीत, तिथे टिप वेगळी आणि पूर्ण किमान वेतन वेगळं. पण देशाच्या बहुतेक भागांत रिवाज हाच. म्हणजे पाथ रेल्वेच्या स्टेशनाजवळच्या डायनरमध्ये, साध्या खाणावळीत, मी रविवारी सकाळी बिलावर वीस टक्के लिहिते, तेव्हा त्या मुलीचा पगार मी करत असते. तो करणं मालकाचं काम होतं.

आणि त्या पगारासाठी तिला काय करावं लागतं, तेही बघा. बारा तास उभं राहून सगळ्यांशी गोड बोलायचं. एखादं गिऱ्हाईक अंगचटीला आलं तरी तोंडावरचं हसू ढळू द्यायचं नाही, कारण त्याच्या टेबलावर तिचं भाडं असतं. माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याने तिचा हात धरून ठेवला होता आणि ती हसत कॉफी ओतत होती. याला माझा वर्गमित्र प्रतिष्ठा म्हणतो.

ही प्रथा इथे फोफावली कशी, हेही त्याने वाचावं. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं ठेवली. त्यातले कितीतरी नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. पगार तुटपुंजा, उरलेलं प्रवाशांच्या टिपवर भागवा, असा हिशोब. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणत, जसा गुलाम धन्याच्या नावाने ओळखला जाई. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन काढली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. त्यांना हवा होता पगार, आणि कामाचे ठरलेले तास.

मला हे इतकं झोंबतं त्याला कारण आहे. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांनी फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्ट चालवली. दिवाळीत प्रत्येक मजल्यावरच्या ऑफिसातून त्यांना पोस्त मिळे. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. कोणत्या ऑफिसाने किती दिले ते रात्री वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहीत. कुणी हात आखडला तर त्यांना लागे, पण दुसऱ्या दिवशी त्या साहेबाशी ते होते तसेच वागत. वागू शकत, कारण त्यांचा पगार त्या पाकिटावर अवलंबून नव्हता. पगार थोडा होता, पण सात तारखेला ठरलेला यायचा. कुणाशी हसून बोललं की नाही यावर आमच्या घरचा किराणा ठरत नसे. चौथ्या मजल्यावरचा एक साहेब रोज संध्याकाळी त्यांच्या खिशात दोन रुपये कोंबायला लागला, तेव्हा बाबांनी ते परत दिले. ‘दिवाळीला द्या साहेब,’ म्हणाले. आईला हे कळलं तेव्हा ती चिडली होती, महिन्याचे पन्नास-साठ रुपये गेले म्हणून. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशीही घेतले नाहीत.

श्रमाची प्रतिष्ठा आपण अमेरिकेकडून शिकायची? आणि तेही परळमध्ये बसून? परळ-लालबागचा इतिहास ज्याला माहीत आहे तो असं म्हणणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणीमालक बोनस द्यायला लागले, नंतर नफा घटला म्हणून बंद केला. तेव्हा १९२४ च्या जानेवारीत मुंबईतल्या लाखाहून जास्त कामगारांनी काम थांबवलं ते मार्चपर्यंत. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निर्णय दिला की कामगारांचा बोनसवर हक्क नाही. संप हरला. पण मागणी सुटली नाही. १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे वर्षाकाठी एका पगारावर आला. मालकाच्या खुशीने मिळणारे पैसे कायद्याने मिळायला लागले. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत सुरू झाली, फंड आला. हे सगळं आपल्या शहरातल्या माणसांनी झगडून मिळवलं. टिपचा टक्का वाढवा म्हणून त्यांच्यातलं कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

आता मुंबईतही ही अमेरिकन तऱ्हा ॲपमधून शिरतेय याची मला भीती वाटते. गाडी यायच्या आधीच जादा पैशांचा आकडा विचारायला लागले होते. मे २०२५ मध्ये यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीसही पाठवली. त्यापेक्षा आपला मीटर बघा. २६ रुपये झाले, तीस दिले, तर मुंबईचा रिक्षावाला चार रुपये परत करतो. त्याला माझी मर्जी राखायची नसते, मला त्याची भीड नसते. जगात फिरलेल्या माणसाला या चार रुपयांची किंमत कळते. मुंबईतच राहणाऱ्यांना कळत नसावी, असं मला हल्ली वाटतं.

हे लिहिल्यावर ग्रुपवरच्या एकीने मला सुनावलं. ‘तुम्ही एनआरआय लोक येता, वॉचमनला पाचशे, बाईला हजार देता आणि विमानात बसता. मग ते आमच्याकडे अपेक्षा ठेवतात.’ या वाक्याने मला झोप आली नाही. मी लिफ्टमनची मुलगी आहे. मी देणारच. वॉचमनच्या हातात पाचशे गेल्याने ज्याचं बिघडतं त्याने आपल्या मनाला विचारावं.

पण मी ते का देते, हेही खरं सांगायला हवं. इथे डायनरमध्ये मी वीसच्या जागी बावीस टक्के लिहिते. भारतीय माणसं टेबलावर आली की काही वेटरांचे चेहरे उतरतात ते मी पाहिलंय, आणि माझ्याकडे बघून तसा चेहरा कुणी करू नये एवढ्यासाठी ते दोन टक्के असतात. ख्रिसमसला सुपरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याला, आणि डोअरमनला पाकिटं देते, तेव्हा बाबांच्या वहीतल्या ऑफिसवाल्यांच्या जागी मी उभी असते आणि मला ते नीट जमत नाही. मुंबईत मात्र मला दुसरंच काही हवं असतं. भांडुपला भावाच्या सोसायटीत वहिनी वॉचमनला दिवाळीला दोनशे देते. पण तिला त्याच्या मुलीचे दहावीचे मार्क माहीत आहेत, आणि तो तिला ‘वहिनी, आज पाणी उशिरा येणार’ असं गेटवरूनच सांगतो. माझ्या पाचशेला तो उभा राहून सलाम करतो आणि ‘थँक यू मॅडम’ म्हणतो. मला तो सलाम नको असतो. त्याने मला या बिल्डिंगमधली समजावं एवढंच हवं असतं, आणि ते पाचशेत मिळत नाही, हजारातही मिळायचं नाही. पुढच्या खेपेला जावं तर तो गेलेला असतो. एजन्सीने दुसऱ्या बिल्डिंगवर टाकलेला असतो.

त्या एजन्सीला सोसायटी महिन्याला जी रक्कम देते त्यातले त्याच्या हातात किती पडतात? बारा तासांची पाळी असते, तर जादा तासांचे पैसे मिळतात का? फंड भरतात का? महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून कायदा आहे, मंडळ आहे, त्या मंडळाकडून माणूस का घेतला नाही? ग्रुपवरच्या दोन्ही तटांपैकी कुणीही हे विचारलं नाही. दहा टक्के की पन्नासची नोट, यावरच सगळे भांडतायत. परळच्या त्या वेटरचा पगार किती, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. जेवणाचे भाव हॉटेलने हवे तर वाढवावेत आणि त्याला पुरता पगार द्यावा, मी भाव देईन. वर काही ठेवायचं असेल तर रोख ठेवा, कारण यूपीआयने भरलेले पैसे आधी मालकाच्या खात्यात जातात.

हे प्रश्न सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मांड, असं मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘तिकडून बोलायला काय जातं? मेंटेनन्स आम्ही भरतो.’ रागाने बोलला, पण खोटं नाही बोलला. आईनंतर त्या फ्लॅटच्या कागदांवर माझंही नाव लागलंय. अर्धा मेंटेनन्स या महिन्यापासून मी पाठवतेय, आणि सभेचा विषय मी स्वतः सेक्रेटरींना लिहून कळवला आहे.